पाठीचं माप

खोली बघायला गेले तेव्हा तिने माझं तोंड पाहिलंच नाही. दारात उभी केली, उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून हवेत एक गोल फिरवलं आणि म्हणाली, "वळ गो बाय."

मला वाटलं, मागे साप आहे. सिल्वासात नव्याने आलेल्या माणसाला पहिले काही दिवस जिथेतिथे सापच दिसायचा. मी दचकून वळले. मागे निवडुंगाचं कुंपण, त्यापलीकडे डोकमर्डीकडे जाणारा मातीचा रस्ता आणि रस्त्यात उभी असलेली एक म्हैस. मग पाठीमागून शब्द आले, "खांदे पडके हायत. कमर जाड, पण जागेवर हाय. खोली तुझी."

मी रत्नागिरीकडची. शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक झाली म्हणून त्या गावात आलेली. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला कुणी असं तोंडावर, म्हणजे पाठीवर, बोललं तर ती पिशवी उचलून चालू लागते. मीही लागले असते. पण माझ्या आधी शाळेतल्या दोघींना तिने त्याच दारातून परत पाठवलं होतं हे मला ठाऊक होतं, आणि आपण कुठल्या का होईना परीक्षेत पास झालो याचं मला बरंच वाटलं. तेव्हा मला त्या परीक्षेचा विषय माहीत नव्हता.

तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. माहेर वसईकडचं, जातीने ख्रिश्चन. नवरा पोर्तुगिजांच्या कचेरीत कारकून होता, तो त्यांच्याच अमदानीत वारला. तेव्हापासून ती काळा झगा घालायची. काळा झगा, पांढरे केस, आणि तोंडात कायम दोन-तीन टाचण्या. टाचण्या ओठांत धरून ती स्वयंपाक करायची, कोंबड्यांना हाकलायची आणि भांडायचीसुद्धा. तिच्या हातचं खाताना मी पहिला महिनाभर प्रत्येक घास चाचपून चावत होते.

चर्चमध्ये लागणाऱ्या लग्नातल्या प्रत्येक नवरीचा पांढरा झगा एकेकाळी तीच बेतायची. शिवणकाम हा तिचा धंदा नव्हता; तिला तो आपला अधिकार वाटायचा. कुणी बोलावलं नाही तरी ती जायची. तिचं म्हणणं एकच होतं. ख्रिश्चन नवरी लग्नात पाद्रीकडे तोंड करून उभी असते. जमलेल्या माणसांना दिसते ती तिची पाठ. "तोंड देवान दिलेला, त्याला आपण काय करणार? पाठ आपण करायची," असं ती म्हणे. पडक्या खांद्यांना बाहीवर चुणी घालायची, म्हणजे खांदा उचलून धरल्यासारखा दिसतो. बुटकीला कमरेची शिवण जरा वर घ्यायची. पृष्ठभाग मोठा असेल तर तिथे झालर म्हणून लावायची नाही, कापड सरळ खाली सोडून द्यायचं. हे सगळं ती मला भाकरी थापता थापता सांगायची आणि उदाहरण म्हणून पिठाच्या हाताने माझ्याकडेच बोट दाखवायची.

गावातली माणसंही ती पाठीवरूनच ओळखायची. कुणी समोरून येऊन नमस्कार केला की गोंधळून बघत राहायची. तो पुढे निघून गेला की म्हणायची, "अरे, हा तर पोस्टातला."

पण मी गेले तोवर तिच्या अधिकाराला माणसं उरली नव्हती. सिल्वासातून पोर्तुगीज गेले त्या साली त्यांच्याबरोबर बरीच ख्रिश्चन घरं उठली. कुणी दमणला, कुणी गोव्याला, कुणी थेट आफ्रिकेला. रविवारी चर्चची घंटा पूर्वीइतकीच वाजायची, आत बाकं रिकामी असायची. लग्न लागलंच तर वर्षाकाठी एखादं, तेही बाहेरून शिवून आणलेल्या झग्यात. उरलेलं गाव म्हणजे आमच्यासारखी मुंबईहून, कोकणातून नोकरीसाठी आलेली मराठी माणसं, गुजराती दुकानदार, आणि बाजाराच्या दिवशी लाकडं घेऊन येणारे वारली. यांतल्या कुणालाही मावशीच्या झग्यांशी कर्तव्य नव्हतं.

मग ती आमच्याकडे वळली. कचेरीतल्या एका मोठ्या साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. शालू आला, तो बघायला म्हणून बायका जमल्या, आणि मी निघाले तशी मावशीही माझ्याबरोबर निघाली. बोलावणं मला होतं. तिथे शालूकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मुलीकडे बघून बोट फिरवलं. मुलगी बिचारी वळली. साहेबांच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं की पोलक्याचा गळा मागून खोल घेतलाय, मुंबईला हल्ली तसंच शिवतात. मावशीने ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"नको. पोरीची हाडं दिसतात. दोन महिने तिला खायला घाला, नायतर गळा बंद करा."

मग एक बाई पदर तोंडाला लावून हसली, तिच्यामागोमाग बाकीच्या. साहेबांच्या बाई हसल्या नाहीत. आम्हाला चहासुद्धा निम्माच मिळाला. लग्नाचं आमंत्रण घरी आलं ते माझ्या एकटीच्या नावाचं. मांडवातून परत येताना बघते तो मावशी रस्त्याच्या कडेला चिंचेखाली उभी. वरात पुढे गेल्यावर मागून नवरी बघता यावी म्हणून ती तिथे येऊन थांबली होती. मुलीने खोल गळ्याचंच पोलकं घातलं होतं आणि खरं सांगायचं तर ती फार छान दिसत होती. मावशीलाही ते दिसलं असणार.

मला त्या गावात काय कमी होतं? शाळा होती, पगार होता, रविवारी दमणगंगेवर कपडे धुवायला जाणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या. पण त्या दोघींना नवरे होते आणि सूर्य कलला की त्या घरी पळायच्या. माझ्या खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसायचा आणि त्या रस्त्यावरून दिवे लागल्यावर कुणी जात नसे. आईची पत्रं यायची, त्यांत सगळ्यांची ख्यालीखुशाली असायची. पत्राला माणसाचा हात नसतो. एरवी मला कुणी साधा स्पर्शही करत नसे. म्हणून रविवारच्या त्या कार्यक्रमाला मी कधी नाही म्हटलं नाही.

तो कार्यक्रम असा. मावशी चर्चमधून आली की हाक मारायची. पडवीत एक पाट मांडलेला असायचा. आमच्याकडे पाटावर जेवायला बसतात, इथे मी त्यावर उभी राहायची. मग ती आतून जुन्या धोतरात गुंडाळलेला पांढरा साटीनचा झगा आणायची आणि माझ्या अंगावर चढवायची. लग्नाचा झगा. कापड पोर्तुगिजांच्या काळात दमणहून आणलेलं, विलायती, जड. हात फिरवला की थंड लागायचं. लग्न न झालेल्या पोरीला नखशिखांत पांढऱ्यात उभी केलेली माझ्या आईने पाहिली असती तर तिने तिथेच अंथरूण धरलं असतं.

झगा तिच्या मुलीचा होता. मुलगी सतरा वर्षांची असताना मामाच्या बिऱ्हाडाबरोबर आधी दमणला आणि तिथून आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखात गेली. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, सगळं निवळलं की परत येईल, मग इथल्याच चर्चमध्ये लग्न करू, असं ठरलं होतं. निवळायचं ते राहिलंच. पुढे गोवा आणि दमणही पोर्तुगिजांच्या हातून गेले, पोर्तुगालशी सगळे व्यवहार तुटले आणि चिठ्ठीचपाटीही थांबली. मावशीने मात्र झगा बेतून ठेवला होता. शिवायला माप हवं, आणि माप समुद्रापलीकडे.

म्हणून माझ्या पाठीला ती खोली मिळाली होती.

"तिचे खांदे असेच पडके," ती टाचण्यांमधून बोलायची. "इथं, मानेखाली, असाच खड्डा. तिचा तोंड मना आता नीट याद नाय येत. फोटू हाय, पण तो लहानपणचा. पाठ याद हाय. निघाली तेव्हा खटाऱ्यात चढली, आणि वळून बघितला नाय गो तिनं. रडत असेल."

मी ताठ उभी राहायची. तिची बोटं माझ्या मणक्यावरून खाली यायची, खांद्यावरची चुणी सारखी करायची, कमरेशी थांबायची. त्या बोटांना मी नव्हेच, दुसरंच कुणी लागत होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मला ते हवं असायचं. शनिवारपासून मी रविवारची वाट बघायची.

तिच्या हातचं खाऊन मी सुटत चालले होते. नारळ, गूळ, तांदळाची पानगी. दुसरं काय होणार? दर थोड्या दिवसांनी झगा कमरेत अडायचा. मावशी न कुरकुरता शिवण उसवायची आणि बोटभर कापड सोडायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, मी जाड झाले म्हणून ती कशी होईल?"

"तीपण वाढली असेल ना. वय झाला."

"पण ती कशी वाढली हे तुम्हाला कसं कळणार?"

"तू हायस ना इथं," ती म्हणाली, आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

अशाच एका रविवारी मी पाटावर उभी असताना फाटकाशी एक माणूस आला. अंगात सुती सूट, डोक्याला हॅट. दमणचा होता, पण बरीच वर्षं आफ्रिकेत काढून जमीनजुमल्याच्या कामासाठी परतला होता. मुलीच्या मामाशी त्याचा घरोबा. त्याने मावशीला नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून तो एकदम खूश झाला. "अरे वा, घरात लग्न आहे वाटतं."

मावशीने त्याला खुर्ची दिली. मुलगी बरी आहे, असं त्याने सांगितलं. मग खिशातून पाकीट काढून त्यातला फोटो पुढे केला. चर्चच्या पायऱ्यांवर एक जोडपं उभं होतं. मुलगी उंच वाटत होती, आणि इतकी बारीक की गळ्याची हाडं फोटोतसुद्धा मोजावीत. गुडघ्यापर्यंतचा साधा फिका पोशाख, डोक्यावर लहानशी टोपी. लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. कळवायला मार्ग नव्हता, तो माणूस दोनदा म्हणाला. ते खरंच असणार.

पाटावर उभ्या उभ्या मला तो फोटो दिसत होता. तिच्यात आणि माझ्यात काहीसुद्धा सारखं नव्हतं. कधीकाळी असेलही. माझ्या अंगावर ते दोन वर्षांचं सोडलेलं, उसवलेलं, वाढवलेलं साटीन होतं आणि मला पाटावरून उतरायचं धाडस होत नव्हतं.

मावशीने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग तिने त्या माणसाला विचारलं, "पाठीकडून एकपण नाय काढला?"

तो जरा गोंधळला. "नाही हो, मावशी. फोटो पुढूनच काढतात."

"हां," ती म्हणाली. "बरोबर."

फोटो तिने खिडकीच्या फळीवर उभा केला. त्या माणसाला सरबत करून दिलं. तो गेल्यावर पडवीत आली, खाली बसली आणि झग्याची राहिलेली किनार टाचायला लागली. मला वाटलं, आता काढा म्हणावं. पण ती एकेक टाचणी लावत पाटाभोवती बसल्या बसल्या सरकत होती. पूर्ण एक वेढा तिने टाचला. मग उठली आणि हातांनी नाही, नुसतं बोट फिरवून मला वळवलं, बघितलं. "आता झाला," म्हणाली. त्यानंतर कितीतरी रविवारी मला हाक आली नाही. मी खोलीत बसून तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहायची. तो माझ्या दाराशी थांबत नसे.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले आणि माझं लग्न ठरलं. मुलगा मुंबईत नोकरीला. साखरपुड्यात सासूबाईंनी शालू दिला, पोलकं आधी शिवून घेता यावं म्हणून. नोकरीचा राजीनामा द्यायला, सामान हलवायला मी सिल्वासाला परत आले तेव्हा शालू बरोबर घेऊन आले. का नेतेस, असं आई विचारत होती. मी म्हटलं, तिथे चांगलं शिवून मिळतं.

मावशीने शालू पडवीत पसरला. गडद जांभळा, सहावारी, वीतभर रुंद काठ. ती कितीतरी वेळ बघत राहिली. "हा तू पसंद केला?"

"नाही. आमच्यात नवरीचा शालू सासरची माणसं घेतात."

"सासू? तिनं तुझी पाठ बघितली?"

मी आठवून पाहिलं. दाखवायच्या कार्यक्रमात त्यांनी मला चालायला लावलं होतं, गाणं म्हणायला लावलं होतं, सुईत दोरा ओवायला लावला होता. पण त्यांच्याकडे पाठ करायची नाही अशी आईची सक्त ताकीद होती, म्हणून मी पोह्यांची बशी देऊन तशीच मागे मागे सरकत आत गेले होते. हे सांगितल्यावर मावशी हसली. फोटो आल्यापासून पहिल्यांदा हसली.

"काठ मोठा हाय. तू अर्धी दिसशील. कपडा पण जड. तुझ्या कमरेवर बसूनच राहील."

"मग काय करायचं? बदलता थोडाच येतो?"

"हा नाय बदलता येत," ती म्हणाली आणि आत गेली. आतून ते जुनं धोतर घेऊन आली.

तिच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं तेव्हा ती कात्री शोधत होती. झग्याच्या खालच्या घेराचा परकर करायचा. साटीन जड आणि गुळगुळीत, वरचा शालू त्यावरून घसरत सरळ खाली येईल, कमरेवर अडणार नाही. मी म्हटलं, राहू दे मावशी, तो झगा तुमच्या...

"तिचा नाय हा," ती म्हणाली. "तुझ्या मापाचा हाय."

मला रडू आलं. ते लपवायला म्हणून मी व्यवहाराचं बोलले, की माझ्या आईला पांढरं चालायचं नाही. आमच्यात लग्नात नवरीच्या अंगावर पांढरं नसतं, आतूनसुद्धा नाही.

"मग कुठला रंग चालेल तुझ्या आईला?"

"पिवळा. हळदीचा."

मी आपलं सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर परसात मोठं पातेलं चुलीवर चढवलेलं, अंगणभर हळदीचा उग्र वास, आणि मावशी कोपरापर्यंत हात घालून साटीन बुडवत होती. साटीनला हळद काही सारखी लागली नाही, कुठे गडद, कुठे फिकी. तिच्या हातांना मात्र उत्तम लागली. साबणाने जाईना, चिंचेने जाईना. रविवारी ती तशीच चर्चला गेली. काळा झगा आणि पिवळेधमक हात. वाटेत साहेबांच्या बाई भेटल्या, त्यांनी थांबून विचारलं, "मावशी, हे काय? हळद कुणाला लागली?"

"आमच्या मुलीला," मावशीने सांगितलं. साहेबांच्या बाईंनीच ते मला नंतर हसत हसत ऐकवलं. मी हसले नाही.

लग्नाला ये म्हणून मी तिला परोपरीने विनवलं. ती आली नाही. कोंबड्यांकडे कोण बघणार, म्हणाली. लग्नात मला जो तो म्हणत होता की शालू काय सुरेख बसलाय. सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या की मी बघताक्षणीच निवडला. आईने परकर पाहिला, हळदीचा वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. पुढे कितीतरी वर्षं मी तो वापरला. प्रत्येक धुण्यात हळद थोडी थोडी उतरत गेली आणि शेवटी एक दिवस गिरगावातल्या आमच्या गॅलरीत दोरीवर तो पांढराशुभ्र वाळत पडला होता. सासूबाईंनी विचारलं, हा केव्हा घेतलास? मी म्हटलं, जुनाच आहे.

पण मला मावशी आठवते ती मी निघाले त्या सकाळची. वापीला जाणारी बस रस्त्याच्या टोकाला थांबायची. सामान पुढे गेलं होतं. तिने मला पडवीत परकर नेसवला, वर माझी रोजचीच साडी, बघायला म्हणून. टाचण्या तोंडात होत्या पण लावायला काही उरलं नव्हतं. वाकून नमस्कार करायला गेले तर खांदे धरून उभी केली. "वाकू नको. निऱ्या बिघडतात."

"मावशी, येते मी."

"जा. सरळ चाल. खांदे पाडू नको."

मी फाटकातून बाहेर पडले. निवडुंगाचं कुंपण संपलं, रस्ता लागला. ती पडवीत उभी आहे आणि माझ्या पाठीवर तिची नजर आहे हे मला कळत होतं, पाटावर उभी असताना कळायचं तसंच. तिची मुलगी याच रस्त्याने गेली होती आणि वळली नव्हती. निदान आपण वळावं, असं माझ्या मनात आलं. एकदा तरी कुणीतरी तिच्याकडे तोंड करून बघायला हवं होतं. चिंचेपाशी मी थांबले आणि वळले.

ती पडवीतून उतरून फाटकापर्यंत आली होती. एवढ्या लांबून तिला माझं तोंड दिसलं का, ओळखू आलं का, कोण जाणे. क्षणभर ती तशीच बघत राहिली. मग तिने हात वर केला. मला वाटलं, निरोप देतेय. पण तिचं एकच बोट वर होतं, हळदीने पिवळं, आणि ते तिने हवेत गोल फिरवलं.

मी वळले, खांदे उचलले आणि बसकडे चालू लागले.